चप्पल, कांदा आणि हेमाद्रीचा थेंब

मागच्या श्रावणातली गोष्ट. शुक्रवारची रात्र, अकरा वाजून गेलेले. भद्रा मारुतीला पायी निघालेल्यांची रांग मिटमिटा, शरणापूर करत आपल्या दौलताबादला पोचली होती. मी किल्ल्यासमोरच्या चहाच्या टपरीपाशी उभा होतो. माझ्यापासून दहा पावलांवर दहा-अकरा वर्षांचं एक लेकरू चालता चालता कोसळलं. डोळे फिरले, दात बसले, हातपाय झटके द्यायला लागले. फिट.

पुढे काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. "चप्पल द्या रे कुणीतरी!" लगेच चार चपला पुढे आल्या. त्यातही एक जाणकार निघाला: "प्लास्टिकची नको, चामड्याची बघा." भजीवाल्याने कांदा ठेचून आणला. आधी चप्पल, मग कांदा, परत चप्पल. एकजण दातांमध्ये चमचा घालायला बघत होता, त्याला कसंबसं मागे ओढलं.

तेवढ्यात मागून त्याची आई धावत आली. कडेवर धाकटं. ते तिने माझ्याकडे दिलं, पर्समधून अंगठ्याएवढी बाटली काढली आणि दोन वेळा हवेतच दाबली. "ताई, वाया कशाला घालवता?" कुणीतरी बोललंच. मग तिने ती पोराच्या नाकाकडे नेली, तर एका बाबांनी तिचा हात धरला. "नाकात काय घालता माय, श्वास कोंडंल त्याचा!"

ज्या नाकाला पाच मिनिटं लोकांच्या चपला लावल्या, त्याच नाकात औषध घालायला बंदी!

बाईने वाद घातला नाही. हात सोडवून घेतला, एका नाकपुडीत फवारा मारला, मग दुसऱ्या. मोबाइलवर वेळ बघितली आणि पोराला कुशीवर वळवलं. दोनेक मिनिटांत झटके मंदावले, मग थांबले. अॅम्ब्युलन्स बोलावली होती, ती दिल्ली गेटच्या कोंडीत अडकली. त्या दरवाजातून एका वेळी एकच मोठी गाडी निघते, आणि त्या रात्री तर अख्खं शहर रस्त्यावर. अॅम्ब्युलन्स आली तेव्हा पोरगं आईच्या मांडीवर झोपलं होतं आणि लोक "चपलेने गुण आला" म्हणत पुढे निघाले होते.

औषधाचं नाव तिने सांगितलं: मिडाझोलम. त्यानंतर काही महिने मी या विषयाच्या मागे लागलो. आणि गंमत अशी, की शोधता शोधता परत आपल्याच किल्ल्याच्या पायथ्याशी येऊन पोचलो.

आधी चपलेचा हिशोब. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. म्हणजे त्या वेळात तुम्ही चप्पल लावा, कांदा लावा, नाहीतर नुसते उभे राहा, दहातल्या बहुतेक वेळा फिट थांबणारच. श्रेय मात्र त्या क्षणी नाकापुढे जे असेल त्याला जातं. म्हणून चप्पल पिढ्यान्‌पिढ्या टिकली. खरा प्रश्न उरलेल्यांचा. पाच मिनिटं होऊनही जी फिट थांबत नाही, ती पुढे आपोआप थांबण्याची शक्यता कमी कमी होत जाते, आणि लांबलेल्या फिटने मेंदूला इजा होऊ शकते. त्या वेळी औषधच लागतं. पण द्यायचं कसं? दात बसलेले, त्यामुळे तोंडातून नाही. हात झटकतोय, त्यामुळे शीर सापडत नाही. गुदद्वारातून डायझेपाम देता येतं, पण भर रस्त्यात, दोनशे माणसांसमोर, कळत्या वयाच्या पोराला? उरलं नाक.

आता आपल्या गावाकडे येऊ. हेमाडपंत आपल्याला माहीत आहेत ते देवळांमुळे. चुना न वापरता दगडावर दगड रचलेलं कुठलंही जुनं देऊळ दिसलं की आपण "हेमाडपंती" म्हणून मोकळे होतो. मोडी लिपी त्यांनीच आणली, असंही सांगतात. हा हेमाद्री म्हणजे देवगिरीच्या यादवांचा मोठा अधिकारी. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात आधी महादेव आणि मग रामचंद्रदेव यांच्या दरबारात होता. धर्मशास्त्रावरचा त्याचा 'चतुर्वर्गचिंतामणि' प्रसिद्ध आहे. पण याच माणसाने वैद्यकावर एक टीका लिहिली आहे, हे मला तरी माहीत नव्हतं. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथावरची ती टीका, नाव 'आयुर्वेदरसायन'. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने अष्टांगहृदयाची जी प्रत काढली, हरिशास्त्री पराडकरांनी संपादित केलेली, तिच्यात ती छापलेली आहे. हेमाद्रीच्या आश्रयाला असलेला बोपदेवही वैद्याचाच मुलगा आणि त्यानेही वैद्यकावर लिहिलं. म्हणजे देवगिरीला त्या काळी नुसते हत्ती-घोडे नव्हते, औषधावर डोकं चालवणारी माणसंही होती.

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातला विसावा अध्याय नस्याचा. नस्य म्हणजे नाकातून द्यायचं औषध. नाक हे डोक्याचं दार आहे, अशी तिथली कल्पना. ती ऐकून आपण मान डोलावतो आणि पुढे जातो. मला थांबवलं ते पुढच्या बारकाव्यांनी.

पहिला बारकावा मापाचा. औषध किती घालायचं? थेंबांत. पण थेंब म्हणजे केवढा? माझा थेंब आणि तुमचा थेंब सारखा कसा? तर तिथे थेंबाची व्याख्याच दिली आहे: तर्जनीची दोन पेरं औषधात बुडवून बाहेर काढायची, आणि त्या बोटावरून जो पडतो तो थेंब. असे दहा, आठ किंवा सहा, अशी मोठी, मधली आणि लहान मात्रा. रोजच्या सौम्य नस्याला दोन. काचेचा ड्रॉपर नाही, मिलिलिटर नाही, पण बोट सगळ्यांकडे आहे आणि बोटं साधारण सारखी असतात. जे हाताशी आहे त्याचंच मापाचं यंत्र केलं.

दुसरा बारकावा हत्याराचा. पातळ औषध नळीने किंवा कापसाच्या बोळ्याने सोडायचं. रुग्णाला उताणं निजवून पाय किंचित वर, डोकं किंचित खाली, एक नाकपुडी बंद करून दुसरीत, मग उलट. औषध कोमट हवं. चूर्ण द्यायचं असेल तर सहा अंगुळं लांबीची, दोन्हीकडून उघडी नळी. चूर्ण नळीत भरायचं, एक टोक रोग्याच्या नाकात, आणि दुसऱ्या टोकाने वैद्याने तोंडाने फुंकायचं. कुणाला द्यायचं नाही, तेही लिहिलंय: सात वर्षांच्या आतलं मूल नको, ऐंशीच्या वरचा म्हातारा नको. आणि अपस्मारात, म्हणजे आपल्या फिटमध्येच, तीक्ष्ण नस्य हा उपचार आयुर्वेदाच्या ग्रंथांत सांगितलेला आहे.

इथे काही मित्र लगेच लिहितील, बघा, सगळं आपल्याकडे आधीच होतं. नव्हतं. फिट थांबवणारं औषध नव्हतं. तीक्ष्ण चूर्णाने शिंक येते, डोळ्यांतून पाणी येतं, पण मेंदूतली ती वीज शमत नाही. होती ती वाट ठाऊक, आणि दुसरं, मला जास्त मोलाचं वाटतं ते म्हणजे एक शिस्त: माप ठरवा, नळीची लांबी ठरवा, डोकं कसं ठेवायचं ते ठरवा. आपण नंतर नेमकी ही शिस्त टाकून दिली आणि वाट तेवढी धरून ठेवली. चप्पल म्हणजे माप नसलेलं, औषध नसलेलं नस्य.

(जाता जाता: याच किल्ल्यात नाकावरच चालणारं दुसरं यंत्र आहे, आणि ते बघायला आपण तिकीट काढतो. अंधारी. वळणावळणाचा तो भुयारी जिना, वरच्या तोंडाला लोखंडी झाकण, त्यावर निखारे पेटवायचे, आणि आग धुमसत राहावी म्हणून बाजूच्या कातळात हवेसाठी पाडलेलं भोक. खालून येणाऱ्या शत्रूच्या नाकात धूर पोचवायचा. रचना बघितली तर अक्कल तीच: काय पाठवायचं, कुठल्या वाटेने आणि कुठल्या जोराने. फक्त हेतू उलटा.)

मधली काही शतकं मी पटकन ओलांडतो. तपकीर आपल्याकडे घरोघर होती, आजोबांच्या डबीची टिकटिक अनेकांना आठवत असेल. चिमटीभर पूड नाकात ओढली की तंबाखूची तरतरी लगेच यायची, पान खाण्यापेक्षा लवकर. नाकाच्या आतलं अस्तर रक्तवाहिन्यांनी भरलेलं असतं, तिथून पदार्थ थेट रक्तात जातो, पोट आणि यकृत यांचा फेरा वाचतो. तपकीर ओढणाऱ्याला हे रोज अनुभवाला येत होतं, कारण माहीत नव्हतं इतकंच.

फवाऱ्याचं यंत्र आलं ते अमेरिकेतून. ओहायोमधल्या टोलेडो गावचा नाक-घशाचा डॉक्टर अॅलन डीव्हिलबिस. रोग्यांच्या घशाला बोळ्याने औषध फासण्यापेक्षा ते उडवता आलं तर बरं, म्हणून त्याने १८८० च्या दशकात रबरी फुगा दाबून फवारा उडवणारी बाटली केली. पुढे तीच बाटली अत्तराची म्हणून जगभर गेली. जुन्या सिनेमातल्या श्रीमंत बायका गळ्यावर फुस्स करतात ना, ती. पण त्यात एक खोट होती. फुगा जोरात दाबला तर जास्त औषध, हळू दाबला तर कमी. म्हणजे हेमाद्रीच्या बोटापेक्षा माप वाईटच!

ही खोट निघाली मापाच्या पंपाने. घरात सर्दीच्या किंवा अॅलर्जीच्या स्प्रेची संपलेली बाटली असेल तर एकदा खोलून बघा. आत एक बारीक नळी तळापर्यंत जाते. वर एक इवलीशी कोठी, एक दट्ट्या, एक स्प्रिंग आणि झडपेचं काम करणारी गोळी. दाबलं की खालची वाट बंद होते, कोठीतलं औषध वरच्या भोकातून गिरकी घेत बाहेर पडतं आणि धुक्यासारखं पसरतं. सोडलं की स्प्रिंग दट्ट्याला वर ढकलते, पोकळी होते आणि नळीतून नवा घोट कोठीत येतो. कोठी जेवढी, तेवढंच औषध, साधारण ०.१ मिलिलिटर. तुम्ही घाबरलेले असा, जोरात दाबा, हात थरथरू द्या, माप तेच. आणि कोठी रिकामी असेल तर पहिल्या दाबाला नुसती हवा येते. म्हणून त्या बाईने आधी दोनदा हवेत दाबलं होतं. ती औषध वाया घालवत नव्हती, कोठी भरून घेत होती.

दिसायला साधं, पण करायला अवघड. थेंब फार बारीक केले, दहा मायक्रॉनच्या खाली, तर ते नाकात न थांबता श्वासाबरोबर फुप्फुसात जातात. फार मोठे केले तर पुढेच साचून ओघळतात. नाकपुडीच्या तोंडापासून जरा आत नाकाची सगळ्यात अरुंद चिरी आहे, फवाऱ्याचा कोन चुकला की औषध तिथेच अडकतं. मधल्या पडद्यावर मारलं तर तो दुखावतो, म्हणून टोक त्याच बाजूच्या कानाकडे करायचं. शिवाय आतले सूक्ष्म केस पंधरा-वीस मिनिटांत आलेलं सगळं घशाकडे ढकलून देतात, म्हणजे जे शोषायचं ते तेवढ्या वेळातच.

आणि सगळ्यात मोठी अडचण जागेची. एका नाकपुडीत जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिलिटर थांबतं. त्याहून जास्त घातलं की घशात. फिटमध्ये मुलांना मिडाझोलम किलोमागे ०.२ मिलिग्रॅम लागतं. वीस किलोच्या मुलाला चार मिलिग्रॅम. इंजेक्शनचं औषध मिलिलिटरला एक मिलिग्रॅम या ताकदीचं असेल तर चार मिलिलिटर नाकात ओतावं लागेल. ते पोटात जाणार, किंवा त्याहून वाईट, श्वासनलिकेत. "आमच्याकडे अँप्युल आहे की" एवढ्याने म्हणूनच भागत नाही. अमेरिकेत मे २०१९ मध्ये मिडाझोलमचा जो स्प्रे मंजूर झाला, त्यात ०.१ मिलिलिटरमध्ये पाच मिलिग्रॅम बसवलेलं आहे. आपल्याकडे त्याच्या आधीपासून मापाच्या पंपाची बाटली मिळते, एका दाबात ठरावीक मात्रा. मिडाझोलम पाण्यात विरघळवायला द्रावण आंबट ठेवावं लागतं, त्यामुळे नाकात झोंबतं. जागं झाल्यावर ते पोरगं नाक चोळत होतं, ते त्यामुळे.

उपयोग होतो का, हे मोजून झालेलं आहे. इस्राएलमधल्या डॉक्टरांनी २००० साली ४४ मुलांवरचा अभ्यास छापला. ताप चढून फिट आलेल्या मुलांना एका गटात नाकातून मिडाझोलम, दुसऱ्यात शिरेतून डायझेपाम. २६ फिटांपैकी नाकातल्या औषधाने २३ थांबल्या, शिरेतल्या औषधाने २६ पैकी २४. जवळजवळ बरोबरी. पण शीर शोधण्याचा वेळ वाचल्यामुळे दवाखान्यात आल्यापासून फिट थांबेपर्यंत नाकवाल्यांना सरासरी ६.१ मिनिटं लागली आणि शिरेवाल्यांना ८. दिल्लीच्या एम्सनेही ४६ मुलांच्या १८८ फिटांवर नाकातलं मिडाझोलम आणि गुदद्वारातलं डायझेपाम ताडून पाहिलं. ते २००६ साली छापून आलं. औषध दिल्यापासून फिट थांबायला नाकाच्या वाटेने सरासरी दोन मिनिटांच्या आत, दुसऱ्या वाटेने तीन मिनिटांच्या आसपास. म्हणजे हे काल-परवाचं नाही. त्या अभ्यासाच्या वेळी जन्मलेली मुलं आज कॉलेजात आहेत.

मग पोचत का नाही? नाकाच्या औषधांचं नशीबच काही असं आहे की ती वेळेवर येत नाहीत. पुण्याचं उदाहरण घ्या. ३ ऑगस्ट २००९ ला स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. तोंडाला रुमाल बांधलेलं पुणे आणि नायडू रुग्णालयापुढच्या रांगा आठवत असतील. त्याच पुण्यात सिरम इन्स्टिट्यूटने नाकातून द्यायची लस तयार केली, 'नासोव्हॅक'. प्रत्येक नाकपुडीत पाव मिलिलिटर, सुई नाही. वर्षभरात लस तयार होणं ही मोठीच गोष्ट. ती बाजारात आली जुलै २०१० मध्ये, आणि १० ऑगस्ट २०१० ला जागतिक आरोग्य संघटनेने साथ संपल्याचं जाहीर केलं. पुढे कोरोनात पुन्हा तेच. हैदराबादच्या भारत बायोटेकची नाकातली लस २६ जानेवारी २०२३ ला आली, तोवर लोक मास्क विसरले होते. ती फवाऱ्याने नव्हे, थेंबांनी द्यायची: प्रत्येक नाकपुडीत चार, एकूण आठ. वाग्भटाची मधली मात्राही आठच. निव्वळ योगायोग, यावरून कुणी पुष्पक विमान उडवू नये.

घाई करून उपयोग नाही हेही खरं. स्वित्झर्लंडमध्ये २००० च्या हंगामात नाकातून द्यायची फ्लूची एक लस आली आणि काही लोकांचा अर्धा चेहरा लुळा पडल्याचं दिसल्यावर मागे घ्यावी लागली. नाक मेंदूच्या आणि चेहऱ्याच्या नसांच्या फार जवळ आहे. तपासणीला वेळ लागला तर माझी तक्रार नाही. माझी तक्रार तपासून झालेल्या गोष्टीबद्दल आहे.

देशात अपस्माराचे सुमारे एक कोटी रुग्ण असावेत, असं धरतात. त्या रात्रीनंतर मी एका आरोग्य केंद्रात सहज विचारलं, नाकातलं मिडाझोलम आहे का? "इंजेक्शन आहे, स्प्रे नाही." तीन औषध दुकानांपैकी एकाकडे मिळालं असतं, तेही मागवून. यात त्यांचा पूर्ण दोष नाही. हे औषध झोपेचं आहे, जास्त झालं तर श्वास मंदावतो. त्यामुळे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते देता येत नाही, दुकानदाराला वेगळी नोंद ठेवावी लागते. हे असायलाच हवं. म्हणून मंडळाच्या पोरांनी ते खिशात घेऊन फिरावं, असं मी म्हणत नाही. पण वारीच्या वाटेवर डॉक्टर आणि सिस्टर बसवलेल्या मंडपात ते का नसावं? गुडघ्यावर मारायचा दुखण्याचा स्प्रे मात्र प्रत्येक मंडपात होता. मी मोजले, मिटमिट्यापासून घाटापर्यंत एकही मंडप त्याशिवाय नव्हता.

ज्यांच्या घरात फिटचा रुग्ण आहे त्यांनी आपल्या डॉक्टरला स्पष्ट विचारा: आमच्या लेकराला हा स्प्रे चालेल का, वजनाप्रमाणे किती दाब, आणि किती मिनिटांनी द्यायचा? सर्दीने नाक वाहत असेल तर आधी पुसून घ्यावं लागतं, तेही समजून घ्या. बाटली तळाशी टाकू नका, एक्स्पायरी बघत जा. आणि बाकीच्यांनी, म्हणजे आपण टपरीवर उभे असलेल्यांनी, घड्याळ बघावं, गर्दी मागे हटवावी, रुग्णाला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये. एखादी बाई बाटली काढून नाकाकडे नेत असेल तर तिचा हात धरू नये.

श्रावणातल्या पहिल्या शनिवारच्या आधी वाटेवरच्या मंडळांची बैठक असते. तिथे मी दहा मिनिटं मागून घेतली आहेत, एका बालरोगतज्ज्ञांनीही यायचं कबूल केलंय. कुणाकडे नाकाच्या स्प्रेच्या रिकाम्या बाटल्या असतील तर टपरीवर आणून ठेवा. पाणी भरून पोरांना दाबून दाखवायच्या आहेत.